एकाच पोडावरच्या बायकांचे मातृवंश निरनिराळे कसे?

प्रश्न (झरी जामणी तालुका, जि. यवतमाळ)

मी विज्ञान शिकवते आणि माझ्या वर्गातील बरीच मुले कोलाम या आदिवासी समाजाच्या पोडांवरची, म्हणजे छोट्या वस्त्यांवरची आहेत. मायटोकॉन्ड्रियल डीएनए (पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए) केवळ आईकडून मिळतो, हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले, ‘‘मग आमच्या पोडावरच्या साऱ्या बायकांचा तो सारखाच असेल का? आणि नसेल, तर आम्ही सगळे कोलाम कसे?’’ तिच्या मनात कमीपणाची भावना न येता याचे उत्तर कसे द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

ताई, याचे उत्तर सोयरीकीच्या रीतीतच आहे. एका कुळात लग्न होत नाही आणि मुलगी सहसा सासरी नांदायला जाते; त्यामुळे प्रत्येक सून माहेरचा मातृवंश (आई, आजी, पणजी अशी आईकडून चालत आलेली साखळी) घेऊन पोडावर येते, पुरुषांचे वंश मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतात. उत्तर थायलंडमधील डोंगरी जमातींवरील २००१ च्या अभ्यासात हेच स्पष्ट दिसले : जिथे सून सासरी येते तिथे मातृवंशांत विविधता अधिक, आणि जिथे जावई सासुरवाडीला राहतो तिथे पितृवंशांत. म्हणजे ही विविधता कोलाम असण्याच्या आड येत नाही, उलट समाजाने पाळलेल्या रीतीतूनच ती निर्माण होते.

शिवाय या मायटोकॉन्ड्रियल डीएनएत जेमतेम १६,५६९ बेस-जोड्या (डीएनएच्या साखळीतले दुवे) आणि ३७ जनुके असतात. दहा पिढ्या मागे गेल्यास पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात आणि त्यांपैकी एकाच स्त्रीचा हा वारसा असतो. एवढ्यावरून कोण कोणत्या समाजाचा, हे ठरवणे सर्वस्वी चुकीचे आहे.

उत्तर २

मेळघाटातील कोरकू आदिवासींचे उदाहरणही वर्गात जरूर द्यावे. त्यांची भाषा मुंडा गटातील आहे. भारतातील मुंडाभाषक समाजांत पुरुषांकडून येणाऱ्या वाय गुणसूत्राची एक प्रमुख शाखा आग्नेय आशियाशी नाते सांगते, पण त्यांचे मातृवंश बहुतांशी भारतातच रुजलेल्या एम आणि आर या शाखांचे आहेत. भाषा, पितृवंश आणि मातृवंश वेगवेगळ्या वाटांनी येऊनही समाज एकच राहतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. लहान वस्तीत योगायोगाचा वाटाही मोठा असतो, कारण एखाद्या बाईला मुलीच झाल्या नाहीत तर तिचा मातृवंश तिच्या मुलांपाशी थांबतो.

उत्तर ३

आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासण्या होत असल्याने मुले दोन्ही गोष्टींची गल्लत करतात. सिकलसेलचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते आणि ते आई किंवा वडील, कोणाकडूनही येऊ शकते. त्याचा मातृवंशाशी संबंध नाही, हे आवर्जून सांगावे.

वर्गात रक्त किंवा लाळ तपासण्याची मुळीच गरज नाही. प्रत्येकाला आई, आजी आणि आजीची आई यांची माहेरची गावे घरी विचारून नकाशावर मांडायला सांगावे. काहींच्या खुणा थेट तेलंगणातील आदिलाबादपर्यंत जातील. आणि उद्या कोणी संशोधक नमुने मागायला आलेच, तर पोडाच्या प्रमुखाने, म्हणजे नाईकाने होकार दिला म्हणून भागत नाही. प्रत्येक बाईला तिच्या कोलामी बोलीत सारे समजावून तिची स्वतःची संमती घ्यावी लागते, आणि नाही म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार असतो.