आईला घेऊन व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, ऑगस्टमध्ये जमेल का?

धरमपेठकर
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये उत्तराखंडला जायचं ठरवलंय, मी, बायको आणि आई. आई साठीच्या पुढची आहे, गुडघे ठीक, बीपीची गोळी चालू, रोज सकाळी अंबाझरीला फिरायला जाते. फुलांचं तिला भयंकर वेड, गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही इतक्या कुंड्या. पण डोंगर म्हणाल तर रामटेक आणि चिखलदरा, बस. टूरवाल्याने घांघरियात, म्हणजे व्हॅलीच्या अलीकडच्या मुक्कामाच्या गावात, दोन रात्री दिल्यात, एक दिवस व्हॅली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हेमकुंड साहिब (वर डोंगरातला शीख गुरुद्वारा) करून लगेच खाली. तिला झेपेल का? घोडा मिळतो म्हणतात. की पाऊस संपल्यावर सप्टेंबरअखेर जावं?

सेमिनरी_हिल्स_वॉकर
भाऊ, आईंना नक्की घेऊन जा, आणि ऑगस्टमध्येच जा. पार्क १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असते पण फुलांचा खरा बहर जुलै मध्य ते ऑगस्ट, सप्टेंबर सरता सरता सगळं पिवळं पडायला लागते. पाऊस लागणारच, तो आहे म्हणून तर फुलं आहेत, चांगला पोंचो आणि घट्ट पकड असलेले बूट घ्या, छत्रीचा काही उपयोग नाही.

आता घोड्याचं. गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप जाते, तिथून घांघरिया साधारण १० किमी चढ, इथे घोडा मिळतो. घांघरियाहून हेमकुंडलाही मिळतो. पण व्हॅलीच्या गेटच्या आत घोडा-खेचर अजिबात सोडत नाहीत, तिथे एकतर चालायचं नाहीतर कंडीवाला पाठीवरच्या टोपलीत बसवून नेतो. गेटनंतर आधी पुष्पावती नदीच्या पुलापर्यंत उतार आणि मग भोजपत्राच्या झाडांतून खडा चढ, दमवणारा भाग हाच, वर पोचलं की मग जवळपास सपाट. आत दुकान नाही, चहा नाही, बाथरूम नाही, मुक्काम करता येत नाही. म्हणून सकाळी गेट उघडताच शिरा, दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळच्या आत बाहेर यावं लागते.

माझं कळकळीचं म्हणणं एकच, तो प्लॅन बदलून घ्या. घांघरियात तीन रात्री करा आणि दोन्ही दिवस व्हॅलीला द्या. एका दिवसात लोक धापा टाकत वर पोचतात, फोटो काढतात आणि घड्याळ बघत परत फिरतात, ज्या बाईने आयुष्यभर कुंड्या सांभाळल्या तिला असं पळवू नका. पहिल्या दिवशी पाऊस-धुकं असलं तरी दुसरा हाताशी राहतो.

मानेवाडा_मेडिको
वरच्यांशी सहमत, फक्त उंचीचं सांगतो. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, घांघरिया ३,००० च्या वर, हेमकुंड ४,००० च्याही वर. म्हणून हरिद्वारहून निघाल्यावर जोशीमठला एक रात्र थांबाच, थेट वर धावू नका. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं हे सुरू झालं तर वर चढायचं नाही, आणि वाढलं तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं. बीपीची गोळी चालू आहे म्हणून डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) वगैरे स्वतःच्या मनाने देऊ नका, आईंच्या डॉक्टरांना आधी दाखवा. तयारीसाठी अंबाझरीची सपाट फेरी पुरत नाही, आतापासून रामटेकच्या पायऱ्या करवा, सकाळी ऊन चढायच्या आत.

इतवारीची_लेक
पण हेमकुंड अगदीच सोडू नका न! खरं हिमालयातलं ब्रह्मकमळ, कुंडीतलं नव्हे, ते त्या वाटेवर वरच्या टप्प्यात दिसते, ऑगस्टमध्ये तर हमखास. घोड्यावरून जाता येते आणि गुरुद्वाऱ्यात गरम खिचडी मिळते.

सेमिनरी_हिल्स_वॉकर
ताई, खरं आहे, पण मग चौथी रात्र वाढवा, व्हॅलीचा दिवस कापून नको.

धरमपेठकर
खूप आभार सगळ्यांचे. आई विचारते, आत नेमकं काय बघायचं, कुठली फुलं ओळखू येतील?

सेमिनरी_हिल्स_वॉकर
काकूंना सांगा, पाचशेवर जाती आहेत सपुष्प झाडांच्या, पण सुरुवात ओळखीच्यापासून करा. गुलाबी तेरडा माणसाच्या उंचीचा वाढतो तिकडे, आपल्या तेरड्याच्याच घराण्यातला. जंगलातल्या वाटेवर कोब्रा लिली, म्हणजे आपल्या सापकांद्याची बहीण. निळी पॉपी मात्र शोधावी लागते, खडकांच्या आडोशाला बघा, पाकळ्या इतक्या पातळ की आरपार उजेड दिसतो.

आणि एक उंच, पांढऱ्या तुऱ्यांचं झुडूप मैदानंच्या मैदानं व्यापून बसलेलं दिसेल, त्याला तिकडे अमेला म्हणतात. पार्क १९८२ ला झालं, त्यानंतर गुरं-मेंढ्यांची चराई बंद झाली, आणि ती बंद झाल्यामुळेच हे माजलं असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे, वाद अजून चालू आहे. वनखातं दरवर्षी उपटते, कारण त्याच्या सावलीत लहान फुलं दबून जातात. म्हणूनच हात जोडून सांगतो, फोटोसाठी पायवाट सोडून फुलांत शिरू नका, तिकडे उन्हाळा जेमतेम चार महिन्यांचा, तुडवलेलं रोप त्या वर्षी परत उभं राहत नाही.

पुढे गेलात तर जोन मार्गारेट लेग यांची समाधी आहे, फुलं गोळा करायला इंग्लंडहून आल्या होत्या आणि १९३९ ला इथेच पाय घसरून गेल्या. काकूंना तिथपर्यंत चालवलं तर थांबा थोडं, आजूबाजूला बहर छान असतो.

आणि हो, परतीचं रेल्वे तिकीट काढताना मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा, जोशीमठच्या रस्त्यावर दरड आली की गाड्या तासन्‌तास अडकतात.