मदत हवी आहे : स्ट्रॅटेजी गेममधील अंतराळ चाचे नेमके कसे वागावेत?

नमस्कार,

मी हौसेखातर एक टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाली करण्याचा, प्रत्येक पाळी म्हणजे एक टर्न) अंतराळ स्ट्रॅटेजी गेम तयार करीत आहे. वसाहती, जहाजबांधणी आणि युद्ध हे भाग बऱ्यापैकी मार्गी लागले आहेत. घोडे अडले आहे ते चाच्यांपाशी. सध्या ठरावीक टर्न झाले की नकाशाच्या कडेला त्यांचा ताफा उगवतो आणि जवळच्या वसाहतीवर चालून जातो. ही चाचेगिरी नव्हे, हे वेळापत्रकानुसार येणारे संकट झाले. चाच्याला ग्रह जिंकायचा नसतो. त्याला माल हवा असतो आणि तोही स्वतःचे जहाज न गमावता, त्यामुळे तोडीस तोड गस्तीनौका दिसताच त्याने लढण्याऐवजी पळ काढला पाहिजे.

इतर गेममध्ये काय केले आहे, हे पाहिले. 'सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर' (२००८) मध्ये खेळाडू एकमेकांवर इनाम लावतात आणि ज्याच्यावर सर्वाधिक इनाम त्याच्यावर चाचे तुटून पडतात. हा लिलाव रंगतो खरा, परंतु त्यात चाचे केवळ भाड्याचे हत्यार उरतात. 'स्टेलारिस'च्या २.२ आवृत्तीत (डिसेंबर २०१८) व्यापारमार्गांवर चाचेगिरी साचत जाई आणि तळ किंवा गस्त ठेवून ती दाबता येई. कल्पना उत्तम होती, मात्र एकदा गस्त लावून दिली की त्या मार्गाकडे पुन्हा पाहण्याचे कारण उरत नसे. पुढे २०२५ च्या ४.० आवृत्तीत ती मार्गव्यवस्थाच काढून टाकण्यात आली. 'सिव्हिलायझेशन ६'मधील रानटी टोळ्यांचा २०२१ चा पर्यायी मोड मला या सर्वांत अधिक भावतो, कारण त्यात टोळीला लाच देता येते, तिच्याकडून सैन्य भाड्याने घेता येते आणि तिचा तळ कालांतराने नगरराज्यही होऊ शकतो.

माझी स्वतःची मांडणी अशी आहे की, चाच्यांचे बळ तीन गोष्टींवरून ठरावे : मार्गावरून किती माल जातो, तेथे गस्त किती आहे आणि लुटीचा माल काहीही न विचारता विकत घेणारे बंदर किती जवळ आहे. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक गेममध्ये असतात. तिसरी क्वचितच दिसते आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी बहामा बेटांवरील नसाऊ येथे लुटीला गिऱ्हाईक होते, म्हणून तेथे चाचे जमले. याउलट सोमालियाच्या किनाऱ्यावरील चाच्यांनी माल विकण्यापेक्षा जहाज आणि खलाशी अडकवून खंडणी मागण्यावर भर दिला. गेममध्ये असे बंदर एखादे प्रतिस्पर्धी साम्राज्य मुद्दाम चालवू शकेल. मग चाच्यांचा बंदोबस्त हा केवळ तोफांचा प्रश्न न राहता मुत्सद्देगिरीचाही होईल.

आता अडचण सांगतो. समजा, खाणीच्या ग्रहावरून गोदीकडे चार उड्यांच्या (म्हणजे चार टप्प्यांच्या) मार्गाने दर टर्नला ४० एकक धातू जातो. खेळाडूने दुसऱ्या उडीवर गस्तीनौका ठेवली की चाचे शेजारच्या मार्गावर सरकतात, आणि सगळ्या मार्गांवर गस्त ठेवायची तर तिचा खर्च लुटीपेक्षा अधिक होतो. म्हणून हिशेबी खेळाडू चाच्यांकडे सरळ दुर्लक्ष करतो. लूट वाढवून पाहिली, तर सीमेवर युद्ध हरत असलेल्या खेळाडूच्या गस्तीनौका आघाडीवर गुंतलेल्या असतात, नेमके तेव्हाच मागे चाचे माजतात आणि तो त्या खाईतून वर येऊच शकत नाही. वास्तवाशी हे सुसंगत आहे (युद्धकाळात चाच्यांचे फावतेच), पण खेळ म्हणून ते मरत्याला मारण्यासारखे होते.

दुसरा पेच लपण्याचा. अंतराळात क्षितिज नाही, आणि चालू इंजिनाची उष्णता फार दुरून टिपता येते. म्हणून माझे चाचे लपत नाहीत, सोंग घेतात : ते साध्या मालवाहू जहाजांच्या रांगेत खोट्या नोंदणीने चालतात. गस्तीनौकेला एखादे जहाज थांबवून तपासता येते, मात्र तपासलेले जहाज एक टर्न उशिरा पोहोचते. त्यामुळे तपासणी कडक केली की चाचे सापडतात, पण गोदी धातूसाठी खोळंबते. ही ओढाताण मला आवडली आहे, फक्त प्रत्येक जहाजासाठी खेळाडूला बटण दाबावे लागले तर तो दहाव्या टर्नलाच कंटाळेल.

तेव्हा जाणकारांकडून तीन बाबतींत मार्गदर्शन हवे आहे. हरणाऱ्या खेळाडूवर चाच्यांचा भार कृत्रिम सवलत न वाटता कसा हलका करावा? ज्याच्या मार्गांवर माल उरलेला नाही त्याला चाच्यांनी आपण होऊन सोडावे आणि विजेत्याच्या भरलेल्या मार्गांकडे वळावे, एवढे पुरेल का? तपासणीचे धोरण जहाजागणिक न ठेवता मार्गागणिक 'सैल' किंवा 'कडक' असे एकदाच निवडू दिले, तर सोंगाची गंमत टिकेल का? आणि चोरबाजाराचे बंदर कोणाच्या आशीर्वादाने चालते, हे खेळाडूला आरंभापासून दिसावे की पकडलेल्या चाच्याकडून कळावे? ज्यांनी एआय (संगणकाने खेळवलेले) प्रतिस्पर्धी लिहिले आहेत त्यांनी एवढे अवश्य सांगावे की, असे बंदर पोसणे केव्हा फायद्याचे आणि केव्हा युद्ध ओढवून घेणारे, याचा हिशेब एआयला कोणत्या आकड्यांवरून करू द्यावा.