म्हादई फक्त गोव्याची म्हणणाऱ्यांना

घाटमाथा: काल एका पोस्टमध्ये वाचलं, "नदी गोव्याची, अभयारण्यही गोव्याचं, कर्नाटकाचा संबंध काय?" संबंध असा की म्हादई उगवते आपल्या खानापूर तालुक्यात, देगावजवळ, भीमगडच्या रानात. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या अभयारण्याला 1999 साली नाव मिळालं ते याच पाण्याचं. आणि म्हादईचंच नाव लावणारं देवगांडूळ (बिनपायाचा, गांडुळासारखा दिसणारा उभयचर), गेगेनिओफिस म्हादेइएन्सिस, 2007 साली नोंदलं गेलं ते आपल्या चोर्ल्यातून. म्हादईचे कळसा-भांडुरा हे ओढे मलप्रभा नदीत वळवायला माझा विरोध आहे तो खानापूरच्या बाजूनं.

पाणीहिशेब: विरोध करा, पण आकडे बघून करा ओ. म्हादई पाणीवाटप लवादाच्या 2018च्या निवाड्यात कर्नाटकाला 13.42 टीएमसी. त्यातलं 8.02 विजेसाठी. मलप्रभेत वळवायचं फक्त 3.9: कळसा 1.72, भांडुरा 2.18. एक टीएमसी म्हणजे 2,831 कोटी लिटर. माणशी रोज 135 लिटर धरा, 3.9 टीएमसीत 22 लाख लोकांचं वर्ष निघतं. गोव्याला 24 टीएमसी मिळालंय.

घाटमाथा: 'फक्त 3.9' हा वर्षाचा आकडा झाला. ओढा सरासरीनं वाहत नाही. पावसाळ्यात दुथडी, मार्चमध्ये जे झिरपतं ते रानाच्या मातीनं धरून ठेवलेलं.

ओलीमाती: देवगांडुळाचा विषय निघालाय म्हणून सांगते. बांधावर दिसलं की वाळा साप समजून फावड्यानं तोडतात. वाळ्याला खवले असतात, तो जीभ बाहेर काढतो. याच्या अंगावर कड्यांसारख्या वळ्या, कातडी ओली, डोळे कातडीखाली पुसट. गांडुळाला जबडा नसतो, याला दात असतात. बेडकांचं भाऊबंद आहे, माणसाला धोका नाही. ओल्या हातानं उचलून ओल्या पाचोळ्याखाली सोडा. राखेत किंवा तापल्या मुरमावर टाकलंत तर कातडी सुकून मरतं, कारण त्याचा श्वास बराचसा कातडीतूनच चालतो.

जांबोटी रोड: लोकांना प्यायला पाणी नाही आणि इथं गांडुळावर प्रवचन! मूळ मुद्द्यावर या.

ओलीमाती: हाच मूळ मुद्दा आहे. कणकुंबीत उघडा कालवा खणला. चर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल गेला की दोन्ही बाजूंची ओल त्यात उतरते. आधी देवगांडूळ जातं, मग झरा. आवाज चढवून ओल परत येत नाही.

पाणीहिशेब: डिसेंबर 2022 ला मंजूर झालेल्या आराखड्यात उपसा आणि बंद पाइप आहेत. चर बुजवला जाईल.

ओलीमाती: बुजवतात कशानं ते बघा. पाइपखाली वाळू-खडीची गादी घालतात. उतारावर तीच गादी मोरीसारखी पाणी ओढून नेते. दर काही अंतरावर चिकणमातीचा आडवा बांध, चांगला ठोकून, चराच्या तळापासून वरपर्यंत घातला तरच ते थांबतं. आणि वरची काळी माती वेगळी ठेवून शेवटी वर पसरायची. मुरूम वर आला तर तिथं काही रुजत नाही.

पाणीहिशेब: चिकणमातीच्या बांधांची अट मान्य, ती निविदेतच हवी. पाणी नेऊच नका, हे मात्र मान्य नाही.

घाटमाथा: मग उपसा पावसाळ्यातच, हेही निविदेत लिहा. ऑक्टोबरनंतर पंप बंद. ते होईपर्यंत माझा विरोध कायम.