जपानमध्ये शिकवण्याव्यतिरिक्त काम : अकाउंट्सच्या अनुभवावर मिळेल का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गेल्या ऑगस्टपासून आम्ही टोकियोत, निशि-कासाईला राहतो. नवरा आयटीत आहे, मी 'काझोकु ताइझाइ'वर, म्हणजे डिपेंडंट व्हिसावर. पुण्यात एका शेअर्ड सर्व्हिस सेंटरमध्ये सहा वर्षं अकाउंट्स पेयेबल केलं. व्हेंडरची बिलं, बँक रिकन्सिलिएशन, जीएसटीचं मॅचिंग, महिनाअखेरचं क्लोजिंग. शिक्षण बी.कॉम. जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी झाली आहे (आकडा लहान तशी पातळी अवघड), जुलैत एन३ला बसणार आहे.

इथे भेटेल तो सांगतो, "इंग्रजी चांगलं आहे ना, मग शिकव." दोन महिने एका एइकाइवात, म्हणजे इंग्रजी संभाषणाच्या क्लासमध्ये, लहान मुलांना शिकवून पाहिलं. मुलं फार गोड होती. पण शिकवायला वेगळं कसब लागतं आणि ते माझ्यात नाही. त्या मुलांना चांगली शिक्षिका मिळायला हवी असं मनापासून वाटलं, म्हणून सोडलं. महिनाअखेरीला लेजर आणि बँकेचा आकडा येनाला येन जुळावा, एवढंच मला परत हवं आहे.

पंधरा-सोळा ठिकाणी अर्ज केले. एका ठिकाणी दुसऱ्या मुलाखतीपर्यंत गेले, तिथे व्हिसा कोणता विचारलं आणि 'डिपेंडंट' म्हटल्यावर पुढे काहीच कळवलं नाही. डिपेंडंटला पूर्णवेळ नोकरी मिळूच शकत नाही का? एन३ होईपर्यंत थांबू की आत्ताच प्रयत्न करत राहू? अशा कामात कोणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद :
ताई, मी टोकियोत एका परदेशी कंपनीच्या केइरी, म्हणजे अकाउंट्स, विभागात आहे, म्हणून लिहितो. कायदा तुमच्या आड येत नाही. काझोकु ताइझाइवर परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं, ते तुम्ही एइकाइवात केलंच असेल. पूर्णवेळ करायचं तर कंपनीचं ऑफर लेटर घेऊन 'गिजिनकोकु'मध्ये, म्हणजे पदवीधरांच्या नोकरीच्या व्हिसात, व्हिसा बदलून घ्यायचा. त्यासाठी देश सोडावा लागत नाही. इमिग्रेशनवाले मुख्यतः पदवी आणि काम यांचा मेळ बघतात, आणि त्याच कामाला जपानी माणसाला मिळेल त्यापेक्षा पगार कमी नाही ना, हे बघतात. बी.कॉम. आणि अकाउंट्सचं काम म्हणजे मेळ सरळ आहे. मुलाखतीत 'डिपेंडंट' एवढंच सांगून थांबू नका. "माझी पदवी या कामाशी जुळते, व्हिसा बदलता येतो, कागद मी तयार ठेवले आहेत," हे लगेच सांगा. बऱ्याच एचआरवाल्यांना ही प्रक्रिया माहीत नसते आणि ते घाबरतात.

दुसरं जास्त महत्त्वाचं. १ ऑक्टोबर २०२३पासून इथे 'इनव्हॉइस सेइदो', म्हणजे करासाठी नोंदणीकृत बिलांची पद्धत, लागू आहे. व्हेंडरच्या बिलावर 'टी' आणि पुढे १३ आकडी नोंदणी क्रमांक नसेल तर घेणाऱ्याला उपभोग कराची पूर्ण वजावट मिळत नाही. ओळखीचं वाटतंय ना? तुम्ही जीएसटीआयएन (व्हेंडरचा जीएसटी क्रमांक) तपासून इनपुट क्रेडिट जुळवत होतात, तेच इथे नव्यानं आलं आहे. तुमच्या शोकुमु केइरेकिशोत, म्हणजे कामाच्या अनुभवाच्या बायोडेटात, 'जीएसटी मॅचिंग' असं नुसतं लिहिलंत तर इथे कोणाला बोध होणार नाही. महिन्याला किती बिलं, किती व्हेंडर, कर क्रमांक कसे तपासत होतात, हे लिहा.

एन३साठी थांबू नका, पण शुद्ध जपानी कंपन्यांच्या केइरीत एन२शिवाय सहसा निभाव लागत नाही, बिलं आणि फोन सगळं जपानीत. परदेशी कंपन्या आणि भारतीय आयटी कंपन्यांच्या इथल्या शाखा, हे आधी बघा. जपानीबरोबर निश्शो बोकीची, म्हणजे इथल्या हिशेबलेखनाच्या परीक्षेची, तिसरी पातळी करा. परीक्षा संगणकावर वर्षभर देता येते, आणि जपानी लेजरचे शब्द आपोआप तोंडात बसतात.

प्रतिसाद :
मी आधी हाकेनमधून, म्हणजे एजन्सीमार्फत, २८ तासांत बिलांच्या नोंदींचं काम धरलं. पगार बेताचाच, पण दीड वर्षानं इथला अनुभव सांगता आला. दोन गोष्टी जपा. दोन ठिकाणी काम केलंत तर तास एकत्र मोजतात. आणि वर्षाचं उत्पन्न १३ लाख येनवर गेलं की नवऱ्याच्या आरोग्य विम्यातून बाहेर पडावं लागतं. मोठ्या कंपनीत आठवड्याला २० तास भरले तर त्याच्याही आधी. घरी आधी हिशेब मांडा.

मूळ धागाकर्ती :
दोघांचे खूप आभार. टी क्रमांकाचं मला खरंच माहीत नव्हतं. काल सुपरमार्केटची पावती काढून पाहिली, खाली छापलेला आहे! केइरेकिशो आजच नव्यानं लिहायला घेते. एक शंका राहिली : व्हिसा बदलताना पदवीची मूळ प्रत दाखवावी लागते की छायाप्रत चालते? माझं सर्टिफिकेट पुण्यात आईकडे आहे. कुरियरनं मागवायचं तर आज रात्रीच तिला फोन करते.