मे महिन्याच्या सुट्टीत धर्मग्रामाने मुलांसाठी काय करावे?

प्रश्न : वसईची एक पालक

नमस्कार. मी वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील एका धर्मग्रामात (एका चर्चच्या कक्षेतील वस्तीत, म्हणजे पॅरिशमध्ये) राहते. यंदा आमच्या पालकीय मंडळाने (धर्मगुरूंना साहाय्य करणाऱ्या प्रतिनिधींच्या मंडळाने) सुट्टीतील मुलांच्या उपक्रमांची जबाबदारी माझ्यावर आणि आणखी दोन पालकांवर सोपवली आहे. परीक्षा आटोपल्यापासून जूनच्या मध्यावर शाळा उघडेपर्यंत मुले मोकळी असतात आणि नेमका हाच काळ धर्मग्रामात सर्वाधिक धावपळीचा असतो. ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात आपल्याकडे लग्ने होत नाहीत, त्यामुळे ती पुनरुत्थानाच्या सणानंतर (ईस्टरनंतर) आणि पावसाच्या आधी उरकावी लागतात व धर्मग्रामाचे सभागृह बहुतेक दिवस लग्नांसाठी दिलेले असते. घरोघरी मिरच्या वाळत असतात, वर्षाचा मसाला कुटून आणायचा असतो, सुकी मासळी भरून ठेवायची असते आणि विहिरींचे पाणी तळाला गेलेले असते.

मंडळात दोन मते आहेत. काहींना वाटते की, एखाद्या व्यावसायिक संस्थेला बोलावून नृत्य, चित्रकला आणि संगणक यांचे दोन आठवड्यांचे शिबिर शुल्क घेऊन भरवावे. ज्येष्ठांचे म्हणणे असे की, सुट्टी हाच धर्मशिक्षणाचा काळ आहे, म्हणून रोज सकाळी वर्ग घ्यावेत. मला दोन्हींत अडचण दिसते. पहिल्या मार्गात धर्मग्रामाचे असे काही उरत नाही, शिवाय शुल्क परवडत नाही त्या घरची मुले बाहेर राहतात. दुसऱ्या मार्गात नुकत्याच शाळेतून सुटलेल्या मुलांना आपण पुन्हा बाकावर बसवतो. इतर धर्मग्रामांत ही सुट्टी कशी घालवली जाते आणि त्यातले काय टिकते, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : निवृत्त धर्मशिक्षक

ताई, आपल्या धर्मग्रामाचा उन्हाळ्याचा कार्यक्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलाच आहे, फक्त त्यात मुलांच्या वाट्याला मागे उभे राहण्यापलीकडे काही येत नाही. त्यांना त्यात खरे काम द्यावे, एवढेच माझे सांगणे आहे, आणि त्याची सुरुवात वाडीवाडीच्या क्रुसापासून करावी.

मे हा पवित्र मारियेचा महिना, म्हणून संध्याकाळी क्रुसाजवळ जपमाळ आणि लितानी (एकापाठोपाठ म्हटल्या जाणाऱ्या आळवण्यांची प्रार्थना) होते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु क्रुसांचे वार्षिक सण याच महिन्यात का येतात, हे मुलांना कोणी सांगत नाही. पूर्वी रोमन पंचांगात 3 मे हा पवित्र क्रूस सापडल्याचा सण होता. 1960 मध्ये परमगुरू (पोप) तेविसावे जॉन यांच्या काळात तो सर्वसाधारण पंचांगातून वगळण्यात आला आणि 14 सप्टेंबरचा क्रूसविजयाचा सण तेवढा राहिला. तरीही वसईपासून मुंबईच्या गावठाणांपर्यंत अनेक ठिकाणी लोकांनी आपल्या क्रुसाची मे महिन्यातील प्रार्थना सोडली नाही. मुंबईतील कित्येक क्रूस 1896 मध्ये आलेल्या प्लेगच्या दिवसांत संरक्षणासाठी किंवा नवस म्हणून उभारले गेले. म्हणजे प्रत्येक क्रुसामागे कोणत्या तरी कुटुंबाचे किंवा आळीचे दुःख आणि कृतज्ञता उभी आहे, आणि ती सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

म्हणून मुलांचे लहान गट करावेत आणि प्रत्येक गटाकडे एक क्रूस सोपवावा. त्यावरील अक्षरे आणि साल उतरवून घेणे, तो कोणी व कशासाठी बांधला हे शेजारच्या वृद्धांना विचारणे, चुना लावायला मोठ्यांना मदत करणे, आणि सणाच्या संध्याकाळी फुले व मेणबत्त्या लावण्यापासून प्रार्थना झाल्यावर चणे वाटण्यापर्यंत सर्व कामे गटाने पार पाडावीत. आजी कादोडी किंवा वाडवळी या इथल्या बोलींत बोलली, तर तिचे बोलणे तसेच उतरवावे. त्याची पुस्तकी मराठी करू नये. लितानीही मुलांनीच चालवावी. लोरेटोच्या या लितानीला परमगुरू पाचवे सिक्स्टस यांनी 1587 मध्ये मान्यता दिली आणि 20 जून 2020 रोजी परमगुरू फ्रान्सिस यांनी तिच्यात तीन आळवण्यांची भर घातली, त्यांपैकी एक स्थलांतरितांना धीर देणारी माता अशी आहे. इतकी जुनी प्रार्थना आपल्या हयातीत वाढू शकते, हे ऐकून मुले थक्क होतात, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक सकाळ वसईच्या किल्ल्यासाठी अवश्य राखून ठेवावी. पोर्तुगीज अंमल येथे 1534 पासून चिमाजी अप्पांच्या 1739 च्या विजयापर्यंत होता. फ्रान्सिस्कन या धर्मसंघाच्या पडक्या चर्चमध्ये जमिनीवर जुन्या समाधिशिला आहेत, त्यांवरची नावे वाचताना मुले आपली आडनावे शोधू लागतात. याच वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया व्यापारासाठी जपानला गेले, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर मारले गेले. 8 जून 1862 रोजी त्यांना संतपद मिळाले. तो दिवस सुट्टीतच येतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या उपक्रमांची सांगता त्याच दिवसाच्या मिस्साने (चर्चमधील मुख्य उपासनेने) करता येईल. किल्ल्यावर मात्र उजाडताच जावे आणि नऊच्या आत परतावे, कारण नंतर तेथील ऊन मुलांना सोसत नाही.

उत्तर : रुग्णसेविका, नालासोपारा

गुरुजींनी लिहिलेले सर्व मला मनापासून पटते, तरीही एक बाजू त्यात आलेली नाही. क्रुसाजवळची प्रार्थना संध्याकाळी होते, परंतु आमच्यासारख्या घरांचा प्रश्न सकाळी आठ ते संध्याकाळी सहाचा आहे. आई-वडील दोघेही लोकलने कामाला जातात, आजी-आजोबा गावी असतात आणि नऊ-दहा वर्षांचे मूल बंद घरात दिवसभर मोबाइल घेऊन बसते. व्यावसायिक शिबिराची मागणी करणाऱ्या पालकांना प्रत्येक वेळी नृत्य किंवा संगणक हवा असतो असे नाही. आपले मूल चार तास तरी विश्वासाच्या माणसांजवळ राहावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते, आणि ती अपेक्षा धर्मग्रामाने पूर्ण करायला हवी असे मला ठामपणे वाटते.

सभागृह मिळत नसेल, तर धर्मग्रामाच्या शाळेचे वर्ग सुट्टीत रिकामे असतात आणि तेथे पंखे व स्वच्छतागृहे असतात. बारावीची परीक्षा दिलेल्या युवक-युवतींना हे काम सोपवावे, परंतु प्रत्येक खोलीत किमान दोन प्रौढ व्यक्ती हजर असतील, असा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. दुपारी बारा ते चार या वेळेत कोणताही खेळ उघड्यावर ठेवू नये. आपल्याकडे तापमान विदर्भाइतके चढत नसले, तरी हवेतील दमटपणामुळे घाम सुकत नाही आणि शरीर थंड होत नाही. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता मुलांना वरचेवर पाणी, ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचे सरबत द्यावे. एखादे मूल सुस्त झाले, मळमळू लागले किंवा असंबद्ध बोलू लागले, तर त्याला ताबडतोब सावलीत न्यावे, अंग ओल्या कापडाने पुसावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

शुल्काबाबत सांगायचे, तर बंद पाकिटात ज्याला जे जमेल ते द्यावे आणि कोणी किती दिले याची नोंद नावानिशी ठेवू नये.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. रेल्वेच्या पूर्वेकडील आमच्या धर्मग्रामांत मंगळूर, केरळ, गोवा, झारखंड अशा अनेक ठिकाणांहून आलेली कुटुंबे आहेत. त्यांचा कोणताही क्रूस येथे नाही आणि किल्ल्यातल्या समाधिशिलांवर त्यांना आपले आडनाव बहुधा सापडणार नाही. गुरुजींच्या योजनेत ही मुले पाहुणी ठरू नयेत. त्यांच्या गावी मे महिन्यात मारियेची भक्ती कशी होते, सुट्टीत चर्चमध्ये काय चालते, हे त्यांनाही सांगू द्यावे, आणि लितानीतली एखादी आळवणी त्यांच्या भाषेत म्हणू द्यावी.

उत्तर : प्रवराकाठ

आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातले. आमच्याकडील उन्हाळा वसईपेक्षा फार वेगळा असतो, तरीही लिहावेसे वाटले. आमच्या धर्मग्रामातील बरीच कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि गळीत हंगाम संपल्यावरच घरी परततात. हिवाळाभर ती मुले फडावर असतात, म्हणून त्यांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाची (मिस्सात प्रथमच पवित्र भाकर घेण्याच्या विधीची) तयारी एप्रिल आणि मे महिन्यातच करावी लागते. आमच्या धर्मभगिनी ते वर्ग सकाळी सातला झाडाखाली घेतात आणि नऊला सोडतात. वर्षातून दोनच महिने हाती लागणाऱ्या मुलांसाठी सुट्टीतले धर्मशिक्षण ही गरज असते, त्यामुळे वसईतील ज्येष्ठांचा आग्रह मी सरसकट मोडीत काढणार नाही. फक्त वर्ग थोडा वेळ असावा आणि त्याच्याच जोडीला हाताने करायचे काही काम असावे.

ते काम आमच्याकडे पाण्याचे असते. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू हर्मन बाकर यांनी या दुष्काळी भागात पाणलोटाचे काम उभे केले, 1989 मध्ये भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची सुरुवात त्यांच्या पुढाकाराने झाली आणि 1993 मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करायचे, समतल चर खणायचे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळायची आणि गावाने श्रमदान करायचे, ही त्या कामाची शिस्त होती, आणि ते सर्वधर्मीय गावकऱ्यांचे काम होते. चर आणि बांध पावसाआधी तयार व्हावे लागतात, म्हणून उन्हाळा हाच श्रमदानाचा काळ ठरतो. आमच्याकडे सकाळच्या मिस्सानंतर मोठी माणसे माती उचलतात आणि मुले पाणी देतात, दगड वेचतात, खड्ड्यांत बिया टाकतात. ज्या चरात आपण काम केले, त्यात जून-जुलैत पाणी उभे राहिलेले पाहायला मुले स्वतःहून जातात. आपल्या विहिरी आटतात असे आपण लिहिले आहे, तर वसईच्या मुलांनाही पाण्याचे काम का देऊ नये?

पुन्हा प्रश्न : वसईची एक पालक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सकाळी साडेआठ ते साडेबारा शाळेच्या वर्गांत मुलांना सांभाळायचे, त्यातला पहिला पाऊण तास धर्मशिक्षणासाठी ठेवायचा, आणि संध्याकाळी क्रुसांचे काम गटांकडे द्यायचे, असा प्रस्ताव मी मंडळापुढे मांडणार आहे. पाण्याविषयी मात्र एक शंका आहे. आमची जमीन सपाट आणि समुद्राजवळची आहे. येथे चर खणून काय उपयोग होईल?

उत्तर : निवृत्त धर्मशिक्षक

येथे चर नकोत, छताचे पाणी विहिरीत न्यावे. आपल्या पट्ट्यात गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत असते. उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर सरकते आणि एकदा विहीर खारी झाली की वाडी, म्हणजे बागायत, हातची जाते. टँकरने होणाऱ्या उपशाविरुद्ध हरित वसईचे आंदोलन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली याच कारणाने उभे राहिले होते, आणि ते का उभे राहिले हे आजच्या मुलांना समजण्यासाठी विहीर मोजण्यासारखा दुसरा धडा नाही.

हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. चर्चचे छत 500 चौरस मीटर धरले आणि हंगामात 2000 मिलिमीटर पाऊस धरला, तर 10 लाख लिटर होतात. गळती आणि बाष्पीभवन वजा केले, तरी सुमारे 8 लाख लिटर उरतात. हे पाणी आज पन्हळीतून गटारात जाते. पन्हळी स्वच्छ करणे, नळ जोडणे आणि विहिरीजवळ वाळू-खडीची गाळणी बांधणे ही कामे गवंडी व प्लंबर यांच्याकडून मेअखेरपर्यंत पूर्ण करून घ्यावीत, कारण आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येऊन ठेपतो. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी छताची धूळ घेऊन येते, ते विहिरीत सोडू नये.

मुलांनी दर रविवारी मिस्सानंतर गाठी मारलेल्या दोरीला वजन बांधून वाडीतल्या विहिरींची पाण्याची पातळी मोजावी आणि वहीत तारखेसह लिहावी. कठडा नसलेल्या विहिरीजवळ मुलांना नेऊ नये, दोरी मोठ्या माणसाने सोडावी आणि मुलांनी गाठी मोजाव्यात. रुग्णसेविका ताईंनी सांगितलेल्या नव्या कुटुंबांतील मुलांना या वहीचे काम आधी द्यावे, म्हणजे त्यांची वाडीतल्या घरांशी ओळख होईल. पालकीय मंडळाची बैठक लवकर असेल, तर प्लंबरचा खर्चाचा अंदाज सोबत घेऊन जावा. अंदाज समोर असला की मंजुरी मिळायला वेळ लागत नाही.