'कुडोज'ला मराठीत काय म्हणाल?

भाचीला नोकरी लागून दोनच महिने झालेत. परवा तिच्या टीमच्या ग्रुपवर मॅनेजरने एका सीनियर मुलीचं नाव घालून 'कुडोज' लिहिलं, आणि हिचा मला फोन, मामा हे अभिनंदनच ना, मग सरळ काँग्रॅट्स का नाही लिहिलं? प्रश्न आवडला म्हणून इथे लिहितोय.

शब्द मूळचा ग्रीक, अर्थ कीर्ती, मान. होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्यात लढाईत ज्याची सरशी व्हायची त्याला देव ही कीर्ती देतात, देवांचा राजा झ्यूस ट्रॉयच्या योद्ध्या हेक्टरला देतो तसं. इंग्रजीत तो युनिव्हर्सिटीतल्या पोरांच्या बोलीतून शिरला. आणि स्पेलिंगमधला (kudos) शेवटचा स अनेकवचनाचा नाहीच, कॉसमॉस, पॅथॉसमध्ये असतो तसला ग्रीक आहे, म्हणजे शब्द एकवचनी. पण लोकांना वाटलं एक कुडो, अनेक कुडोज, आणि 'कुडो' पण रूढ झाला. चेरी शब्द असाच झालाय, जुन्या फ्रेंच रूपातला स अनेकवचनाचा समजून गळला. ब्रिटिश लोक अजून 'क्यूडॉस' म्हणतात, आपल्या ऑफिसात कुडोजच ऐकू येतं.

आता वापर. लग्न ठरलं, बाळ झालं, फ्लॅट घेतला की काँग्रॅच्युलेशन्स, तिथे कुडोज विचित्र वाटतं. कुडोज कर्तबगारीला. त्या मुलीने रात्री अडीचला पडलेला सर्व्हर एकटीने उभा केला होता, सकाळी कुणाला पत्ताही लागला नाही, तिथे हाच शब्द बसतो. आपलं अभिनंदन दोन्हीकडे चालतं, त्यामुळे हा फरक आपल्याला पटकन जाणवत नाही.

मग शाब्बास म्हणावं का? शब्द गोड आहे, फारसी 'शाद बाश' म्हणजे खुश राहा त्यावरून आलाय, पण शाब्बासमध्ये पाठीवरची थाप आहे आणि थाप मोठ्याने लहानाला द्यायची असते, सीनियरला कोण शाब्बास म्हणणार! कुडोजला अशी वरखाली नाही. माझ्या मते सगळ्यात जवळचं आपलं 'मानलं'. 'मानलं बुवा', 'मानलं तुला', 'मानलं तुम्हाला', लहानमोठ्या सगळ्यांना चालतं आणि मान हा अर्थ पण त्यातच आलाय. भाचीने शेवटी ग्रुपवर तेच टाकलं, 'ताई, मानलं तुम्हाला', आणि खाली तिघांनी 'खरंच मानलं' लिहिलं.

वऱ्हाडीत, मालवणीत, अहिराणीत अशा वेळी काय म्हणतात? सांगा, मला खरंच हवंय.