तालुक्याची कॉलेजं बंद करा म्हणणाऱ्यांना

माणदेशी
काल इथं 'स्पष्टवक्ता' यांनी लिहिलं की तालुक्यातली कॉलेजं म्हणजे सरकारी पैशाचा चुराडा, पोरं परीक्षेपुरती उगवतात, ती बंद करा आणि अमेरिकेसारखी, कमी फीत कामाचे छोटे कोर्स शिकवणारी कम्युनिटी कॉलेजं काढा. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली.

कुठला चुराडा? २००१ नंतर मान्यता मिळालेली कॉलेजं कायम विनाअनुदानित. तिथं पगारापोटी सरकारचा एक पैसा येत नाही. जुन्या अनुदानित कॉलेजात पगार सरकारचा, पण पदावर माणूस असेल तर ना! २०१७ मध्ये भरती थांबवली, २०१८ मध्ये रिक्त पदांपैकी ४० टक्के भरायला परवानगी दिली, आणि इकडे निवृत्त होणारे होतच राहिले. मी केमिस्ट्री शिकवते. आमच्या लॅबमधल्या ब्यूरेटचे, म्हणजे द्रव थेंबाथेंबानं मोजून सोडायच्या काचेच्या नळ्यांचे, नळ झिजलेत. पोरगी रीडिंग घ्यायला वाकते तोवर दोन थेंब खाली पडलेले असतात. नवीन मागितले की उत्तर एकच, वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून बाकी खर्चाचा सरकारी पैसा, येऊ द्या.

आणि पोरी वर्गात का दिसत नाहीत? बारावीपर्यंत मुलींना एसटी फुकट. तेरावीला गेली की पास काढा. सवलत आहे, पण दोघी बहिणी शिकत असतील तर घरात एकीच्याच पासाचे पैसे निघतात. दुसरी परीक्षेला येते.

स्पष्टवक्ता
मॅडम, माझं अर्धंच वाक्य उचललंत. बीएच्या शेवटच्या वर्षाला दहा-बारा पोरं उरलीत अशा कॉलेजांबद्दल मी बोलत होतो. पदवी घेऊन पोरगा एमआयडीसीत कंत्राटी हेल्परच होणार असेल तर त्याला वेल्डिंग, फळप्रक्रिया, टॅली का शिकवू नये? यूजीसीनं, म्हणजे केंद्राच्या विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१३-१४ मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आणलीच होती.

आणि संस्थाचालकांबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. पगार सरकारनं द्यायचा, नेमणूक संस्थेनं करायची! माझा भाचा सेट, म्हणजे प्राध्यापक व्हायची राज्याची पात्रता परीक्षा, पास झालेला. मुलाखतीच्या आधीच संस्थेनं किती पैसे द्यायचे तो आकडा कानावर घातला. बहिणीची सगळी जमीन विकूनही तो भागला नसता. अशांच्या हातात आणखी पैसा कशाला?

तासिकेवरचा
आकड्याचं निघालंच आहे तर माझंही ऐका. नेट ही देशपातळीवरची पात्रता परीक्षा पास आहे, पीएच.डी. आहे, तरी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या गावात, मधे मोटारसायकल. मानधन महिनोन्महिने अडकतं, उन्हाळ्यात तर नाहीच. परीक्षेची कामं, कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायली, एनएसएसचं शिबिर, सगळीकडे आम्हीच. लग्नाचं बघायला आलेले पाहुणे पहिला प्रश्न विचारतात, 'परमनंट कधी होणार?' जागा निघाली की संस्थेचा माणूस बाजूला घेतो. पैसा नाही म्हणून पद रिकामं, आणि पद भरायचं तर पैसा आमच्याकडून. माणदेशी मॅडम, तुम्ही परमनंट आहात. तुमच्या ब्यूरेटपेक्षा हे मोठं दुखणं आहे.

माणदेशी
मी परमनंट आहे म्हणजे मी कुणाला पैसे दिले, असं म्हणायचंय का? स्पष्ट बोला.

तासिकेवरचा
तुमच्याबद्दल नाही बोललो. पण तुमच्या स्टाफरूममध्ये कुणी दिले नाहीत, हे छातीवर हात ठेवून सांगाल?

हेडक्लार्क
सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. मी विनाअनुदानित संस्थेत शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळतो. अनुसूचित जातीच्या पोरांच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा २०२१ पासून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जातो. त्यातली फी त्यानं कॉलेजला आणून भरायची. आमच्याकडच्या एका पोरीच्या खात्यात पैसे आले ते ऐन पेरणीत, बापानं बियाण्याला काढले. तिला मी कुठल्या तोंडानं मागू? २०२४ मध्ये ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची फी माफ झाली. चांगलंच झालं, पोरी आल्या. पण कॉलेजनं फी घ्यायची नाही आणि सरकारकडून ती येईल तेव्हा येईल. तोवर वीजबिल कोण भरणार?

स्पष्टवक्ता
लोकवर्गणी काढा. कर्मवीर भाऊरावांनी मुष्टिफंडावर, घरोघरच्या मूठमूठ धान्यावर, वसतिगृह चालवलं.

हेडक्लार्क
भाऊरावांचं नाव घेऊन सरकारला मोकळं सोडू नका. आमच्या पालकांत निम्मे ऊसतोडीला जातात. वर्गणी मागायला मी फडावर जाऊ?

सॅनहोजेकर
मी कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात नोकरी करतानाच अकाउंटिंग शिकले. तिथली फी एका युनिटला (कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर, तिकडच्या मानानं फार कमी. पण तीच फी २००९ च्या सुरुवातीला २० डॉलर होती. मंदी आली, राज्यानं कात्री लावली, वर्ग कमी झाले आणि लोक वेटिंग लिस्टवर तिष्ठत राहिले. मालमत्ता कराला १९७८ मध्येच मर्यादा घातलेली, त्यामुळे स्थानिक पैसाही फार वाढवता येत नाही. १९८८ मध्ये शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांसाठी बजेटमधला किमान वाटा राज्यघटनेत घातला, त्यावर गाडी चालते. आणि तासिकेवरचे दादा, तिकडेही निम्म्याहून जास्त शिक्षक अर्धवेळच. माझे अकाउंटिंगचे सर गाडीतच पेपर तपासायचे.

स्पष्टवक्ता
ठीक, अमेरिकेचं उदाहरण मागे घेतो. पण किमान वाटा कायद्यात घातला, हे माझ्याच बाजूचं आहे. आधी हिशेब, मग पैसा.

माणदेशी
बाजू तुमची म्हणा, पण मग 'बंद करा' हे शब्दही मागे घ्या. वेल्डिंग शिकवायला मशीन लागतं, ते शिकवायला माणूस लागतो. ज्या सरकारला ब्यूरेट परवडत नाही ते वेल्डिंगचं वर्कशॉप उभारणार?

तासिकेवरचा
ब्यूरेट, वर्कशॉप, सगळं होईल. आधी नेमणुका संस्थांच्या हातून काढून परीक्षा घेऊन भरती करणाऱ्या सरकारी आयोगाकडे द्या.

हेडक्लार्क
आयोगाच्या निकालाला किती वर्षं लागतात ते परीक्षा देणाऱ्या पोरांना विचारा. तोवर वर्गावर कोण जाणार?

तासिकेवरचा
मीच जाणार. आज जातोय तसाच. पण तेव्हा रांगेत माझा नंबर तरी लागलेला असेल.

माणदेशी
आयोगाला माझा विरोध नाही. आमच्या प्राध्यापक संघटनेच्या बैठकीत मी हे मांडेन. तुम्हीही या, आणि स्टाफरूमबद्दल जे इथं बोललात ते तिथं सगळ्यांसमोर बोला.